हवा, औषध आणि घरची माणसे

देवळाली कॅम्पाला माणसे पिढ्यान्‌पिढ्या हवा खायला येत आली आहेत. कोणी मुंबईच्या दमट हवेला कंटाळलेला, कोणी टायफॉइडमधून नुकताच उठलेला, तर कोणाच्या छातीतला कफ काही केल्या सुटत नसलेला. लॅम रोडच्या आसपास पारशी आणि गुजराती समाजांनी बांधलेली सॅनिटोरियम आणि ऐसपैस व्हरांड्यांचे बंगले याच विश्वासावर उभे राहिले. 'महिनाभर देवळालीला जाऊन या' हा सल्ला कित्येक घरांत औषधाच्या बाटलीइतकाच भक्तिभावाने पाळला गेला.

याच देवळालीच्या हवेचा दुसऱ्या एका जमातीला आलेला अनुभव मात्र अगदी उलटा होता. इंग्रजी अमदानीत मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या शिपायांना बोट मिळेपर्यंत इथल्या छावणीत ठेवत. काम नाही, घरची ओढ, उन्हाळा आणि ताप. कित्येकांची डोकी फिरली. 'देवळाली'चा अपभ्रंश होऊन 'डुलाली' हा शब्द इंग्रजी भाषेत गेला आणि तो तिथे आजही 'वेडसर' या अर्थाने वापरतात. हवा एकच, पण मुंबईचा शेठ बरा होऊन गेला आणि लंडनचा टॉमी वेडा होऊन.

मग देवळालीच्या हवेत गुण आहे की नाही? शेठच्या नातवाला विचाराल तर आहे, टॉमीच्या नातवाला विचाराल तर नाही. दोघेही खोटे बोलत नाहीत, पण दोघांच्याही सांगण्याला पुरावा म्हणता येत नाही. 'आमच्या मेव्हण्यांना गुण आला' हे वाक्य आपल्याकडे ज्या अधिकाराने उच्चारले जाते, तो अधिकार त्याला कोणी दिला, हे एकदा तपासून पाहायला हवे. पूर्वी ते वाक्य ओट्यावर बोलले जाई. आता ते मोबाइलवरून सकाळच्या चहाआधी शंभर घरांत पोचते.

हवेचा प्रश्न एकदा खरोखरच कसाला लावला गेला होता, आणि तोही आपल्याच देशात. आजार होता क्षय. तेव्हा क्षयरोग्याला सॅनिटोरियममध्ये ठेवायचे, मोकळी हवा, पूर्ण विश्रांती आणि सकस आहार द्यायचा, हीच जगभरची पद्धत होती. पण देशात रोगी लाखोंनी आणि खाटा काही हजार. स्ट्रेप्टोमायसिन आले, पाठोपाठ इतर औषधे आली, तेव्हा प्रश्न पडला की या गोळ्या रोग्याला त्याच्या घरीच दिल्या तर?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून १९५६ साली मद्रासला एक केंद्र काढले. शहरातल्या गरीब वस्त्यांमधले दोनशेच्या आतबाहेर रोगी घेतले. कोणी सॅनिटोरियममध्ये जायचे आणि कोणी घरी राहायचे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर किंवा रोग्याच्या ऐपतीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. औषधे दोन्हीकडे सारखीच. सॅनिटोरियमवाल्यांना हवा, विश्रांती आणि चांगले जेवण. घरच्यांना तीच कोंदट खोली, अपुरे अन्न आणि कित्येकांना रोजचे कामही. वर्षाअखेर हिशेब मांडला तेव्हा दोन्ही गटांत बरे होण्याच्या प्रमाणात फारसा फरक नव्हता. १९५९ साली तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि शंभर वर्षांच्या सॅनिटोरियम-पद्धतीचा पायाच निखळला. मद्रासचे ते केंद्र आज चेन्नईत राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने काम करते आहे.

मला या कथेतला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. डॉक्टरांचा प्रश्न होता, 'रोगी घरी बरा होईल का?' घरच्यांचा प्रश्न वेगळाच होता, 'याला घरात ठेवले तर पोराबाळांना लागेल का?' ज्यांनी क्षयाचे दिवस पाहिले आहेत त्यांना या प्रश्नाचे वजन ठाऊक आहे. याच भीतीपायी ताटवाटी वेगळी होत असे, अंथरूण पडवीत जात असे, सून कायमची माहेरी पाठवली जात असे. मद्रासच्या संशोधकांनी हा घरचा प्रश्नही मोजायला घेतला. रोग्यांच्या कुटुंबीयांवर पाच वर्षे नजर ठेवली. औषध नीट चालू असलेल्या रोग्याला घरी ठेवल्यामुळे घरच्यांना अधिक लागण झाली, असे दिसले नाही. जो काही संसर्ग व्हायचा तो बहुतांशी उपचार सुरू होण्याआधीच झालेला असे.

पुराव्यावर आधारलेले वैद्यक म्हणतात ते हेच. ते केवळ डॉक्टरांसाठी नसते. कुटुंबाच्या मनातला प्रश्न जेव्हा कोणी गंभीरपणे घेतो, मोजतो आणि उत्तर घेऊन परत दारात येतो, तेव्हा एखाद्या सुनेचा संसार वाचतो.

या गोष्टीचा पुढचा अध्याय अगदी अलीकडचा आहे. मद्रासच्या निष्कर्षावरून पुष्कळांनी असा अर्थ काढला होता की गोळ्या असल्या म्हणजे पुरे, आहाराचे एवढे काही नाही. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने झारखंडमध्ये २०१९ पासून हाच धागा पुन्हा उचलला. २८०० रोगी आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसे. रोग्यांना सहा महिने दरमहा शिधा दिला. अर्ध्या कुटुंबांत रोग्याबरोबर घरातल्या प्रत्येकालाही दरमहा तांदूळ आणि डाळ दिली. २०२३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते. फुप्फुसाच्या, तपासणीत जंतू सापडलेल्या क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. म्हणजे मद्रासचा निष्कर्ष खोटा ठरला नाही, पुरा झाला. औषधाने रोगी बरा होतो, पण घर वाचवायचे असेल तर घराच्या चुलीकडे पाहावे लागते. केंद्र सरकार क्षयरोग्याला आहारासाठी २०१८ पासून दरमहा पाचशे रुपये देत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार रुपये झाले. आपल्या ओळखीत कोणी क्षयरोगी असेल तर हे पैसे त्याच्या खात्यात जमा होतात की नाही, एवढी चौकशी वाचकांनी जरूर करावी.

महाराष्ट्राला या बाबतीत अभिमान वाटावा असे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तिथे 'सर्च' ही संस्था चालवली. त्यांनी आधी लोकांना विचारले, तुम्हाला दवाखाना कसा हवा? आदिवासींना मोठ्या इमारतीची भीती वाटत होती आणि नातेवाइकांना बाहेर काढले जाते हे मुळीच पसंत नव्हते. म्हणून दवाखाना गावातल्या घरांसारखा बांधला आणि रोग्याजवळ त्याची माणसे राहतील अशी सोय केली. मग नवजात बाळांचे मृत्यू थांबवण्याचा प्रश्न हाती घेतला. ३९ गावांत थोड्याशा शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. घरोघरी जाऊन बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून वेळेवर इंजेक्शन देणे हे सगळे त्या करू लागल्या. आयांना आणि आज्यांना धोक्याची लक्षणे शिकवली. शेजारच्या ४७ गावांशी तुलना ठेवली. तीन वर्षांत त्या ३९ गावांतले नवजात-मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले, तुलनेच्या गावांत ते जवळपास होते तिथेच राहिले. हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळाला घरी जाऊन तपासू लागल्या. आजीला अडाणी म्हणून दाराबाहेर न बसवता तिच्या हाती शास्त्र दिले, तर काय होते याचा हा आकड्यांतला पुरावा.

आता शहराकडे येऊ. नाशिकसारख्या शहरातल्या कुठल्याही रुग्णालयाच्या व्हरांड्यात तासभर बसले तर दिसणारे चित्र याच्या नेमके उलटे असते. कोणीतरी कागदांचा गठ्ठा घेऊन येतो. 'पेशंटबरोबर कोण आहे? इथे सही करा. इथे, आणि इथे.' मुलगा सही करतो. वाचत नाही. वाचायला वेळही नसतो, आणि धीरही.

मी आयुष्यातली बरीच वर्षे बँकेत काढली, त्यामुळे हा प्रसंग मला फार ओळखीचा वाटतो. कर्जाच्या कागदपत्रांवर सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असत. 'साहेब, कुठं सही करू?' एवढाच प्रश्न कर्जदार विचारी आणि त्याचा जामीनदार तेवढाही विचारत नसे. पुढे हप्ते थकले की दोघेही म्हणत, 'आम्हाला कुठं काय सांगितलं होतं?' कायद्याने सही पक्की असते. माणसाच्या दृष्टीने ती झालेलीच नसते. ऑपरेशनच्या संमतिपत्रावरची नातेवाइकाची सही पुष्कळदा या जामीनदाराच्या सहीसारखीच असते.

बँकेतला आणखी एक धडा इथे कामाला येतो. हप्त्याने वस्तू विकणारे 'फक्त दहा टक्के व्याज' अशी पाटी लावत. व्याज लावायचे मूळ पूर्ण रकमेवर, मुद्दल मात्र दर महिन्याला फिटत जायचे. वर्षाच्या कर्जावर खरा दर जवळपास अठरा टक्के पडे. पाटी खोटी नव्हती, पण ती वाचून ग्राहकाला खरे कळत नव्हते. औषधांच्या बाबतीत असेच एक वाक्य आहे, 'या गोळीने धोका निम्मा होतो.' अशा वेळी विचारावे, कितीचा निम्मा? समजा शंभर जणांपैकी चाळिसांना होणारा आजार गोळीने विसांवर आला, तर धोका निम्मा झाला. शंभरातल्या दोघांचा एकावर आला, तरी निम्माच झाला. पहिल्या गोळीसाठी खर्च आणि त्रास सोसावा. दुसरी घ्यायची की नाही हे वय, खर्च, दुष्परिणाम पाहून ठरवावे. आणि ते कोणी ठरवायचे? ज्याला गिळायची आहे त्याने. वर गडचिरोलीचे आकडे मी टक्क्यांत न देता हजारी दिले, ते याच कारणाने.

मोठे उदाहरण हृदयाचे. चालताना छातीत दुखते, पण प्रकृती स्थिर आहे, अशा रोग्यांपैकी कोणाला लगेच स्टेंट अथवा बायपास करावी आणि कोणाला औषधांवर ठेवावे, यावर ३७ देशांत पाच हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. लगेच प्रक्रिया केल्याने साधारण तीन वर्षांत मृत्यू किंवा हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. ज्यांना वारंवार दुखत होते त्यांना मात्र आराम अधिक मिळाला. मग निर्णय कसा करायचा? एकाला रोज सकाळी खंडोबाची टेकडी चढायची आहे आणि दुखण्याने ते जमत नाही. दुसऱ्याला सुईचीही धास्ती आहे आणि घरातल्या घरात फिरण्याएवढी ताकद त्याला पुरे आहे. दोघांचा अहवाल सारखाच असला तरी दोघांचे योग्य उत्तर वेगळे असू शकते. शास्त्र इथपर्यंत आणून सोडते, पुढची दोन पावले रोग्याची आहेत. एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी. हे सगळे स्थिर प्रकृतीसाठी आहे. अचानक झटका आला तर तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते. त्या वेळी प्रश्न विचारत बसायचे नसते, गाडी काढायची असते.

इथवर 'रोगी आणि कुटुंब' असे शब्द मी जोडून वापरले. पण ही जोडी नेहमीच गोडीगुलाबीची नसते. परदेशातल्या पुस्तकांत म्हणतात, रोग्याला निर्णयात सहभागी करून घ्या. आपल्याकडे अडचण निराळी आहे. आपल्याकडे कुटुंब पूर्ण सहभागी असते, मामा आणि चुलतभाऊसुद्धा असतात, नसतो तो फक्त रोगी. डॉक्टरांच्या खोलीबाहेर मुलगा हलक्या आवाजात म्हणतो, 'बाबांना सांगू नका हं, ते खचतील.' बाबांना कॅन्सर आहे हे वॉर्डबॉयला माहीत असते, शेजाऱ्यांना माहीत असते. बाबांना सांगतात, 'गाठ आहे साधी.' बाबाही काही बुद्धू नसतात. किमोथेरपीचा वॉर्ड कोणता हे त्यांना कळते. पण मुलांना वाईट वाटू नये म्हणून तेही न कळल्याचे सोंग घेतात. अखेरचे काही महिने दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळत खोटे बोलतात आणि ज्या गोष्टी बोलायच्या होत्या त्या राहून जातात. यात कोणाचा दुष्टावा नसतो. असते ती मायाच. पण बाबांना शेवटचा एक महिना रुग्णालयात काढायचा होता की आपल्या अंगणात, हे त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे २००८ साली निकाली निघालेल्या एका प्रकरणात, तपासणीसाठी भूल दिलेल्या एका प्रौढ स्त्रीचे गर्भाशय बाहेर बसलेल्या तिच्या आईच्या संमतीने काढले गेले होते. न्यायालयाने सांगितले की रोगी सज्ञान आणि निर्णय घ्यायला समर्थ असेल, जिवावर बेतलेली घाई नसेल, तर नातेवाइकाची संमती चालणार नाही. आणि तपासणीला दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेला दिलेली संमती नव्हे. पोटच्या पोरीच्या भल्यासाठी आईने केलेली सही जिथे पुरी पडत नाही, तिथे आपण मामा-काकांनी किती पुढे जावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. सरकारी ओपीडीत शंभर रोग्यांची रांग असते, एकेकाला मिळतात दोन मिनिटे. त्यात शंभरातले किती आणि हजारातले किती हे कधी समजावायचे? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. तेव्हापासून डॉक्टर जपून बोलू लागले. दुसरीकडे डॉक्टरांवरचे हल्ले इतके वाढले की राज्याला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला. न्यायालयात खेचणे आणि काचा फोडणे या दोन टोकांच्या मध्ये एक साधी जागा आहे, समोरासमोर बसून बोलण्याची. ती आपण दोघांनी मिळून रिकामी ठेवली आहे.

ती भरायला फार विद्वत्ता लागत नाही. घरात जसे वीजबिलांचे पाकीट असते तशी प्रत्येकाच्या नावाची एक फाइल असावी. तारखेप्रमाणे लावलेले अहवाल, चालू औषधांची यादी, कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ आले त्याची नोंद. यात आयुर्वेदिक चूर्णे आणि शेजाऱ्याने सुचवलेल्या गोळ्याही लिहाव्यात, डॉक्टरांपासून त्या लपवू नयेत. जाण्याआधी प्रश्न कागदावर उतरवावेत. याने फायदा काय आणि शंभरातल्या कितीजणांना? तोटा काय? दुसरा मार्ग आहे का? काही दिवस थांबलो तर काय होईल? घरातले दहा जण न जाता एकाने बरोबर जावे, त्याने लिहून घ्यावे आणि बोलू द्यावे रोग्यालाच. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. आपल्या कागदपत्रांची प्रत मागितली तर ७२ तासांत द्यावी, असा वैद्यक परिषदेचा २००२ सालचा नियम आहे. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हा रोग्याचा हक्क असल्याचे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत म्हटले आहे. महाराष्ट्राने २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती करून अशी सनद दर्शनी भागात लावायला सांगितली. पुढच्या वेळी दवाखान्याच्या भिंतीवर ती आहे का, पाहा.

आणखी एक पायरी वर गेले तर संशोधन कशावर व्हावे, हाही रोग्यांचा विषय आहे. गुडघेदुखीवर कशाचे संशोधन होते आणि रोग्यांना कशाचे हवे, याची तुलना ब्रिटनमध्ये केली गेली. ती २००० साली प्रसिद्ध झाली. संशोधनाचा मोठा भाग औषधांवर होता. रोग्यांना मात्र व्यायाम, शस्त्रक्रिया आणि दुखणे घेऊन जगायचे कसे यावर उत्तरे हवी होती. २००४ पासून तिथे रोगी, त्यांना सांभाळणारे आणि डॉक्टर एकत्र बसून कुठले प्रश्न आधी सोडवायचे याची यादी करतात. आपल्याकडे असे टेबल मांडले, तर देवळालीच्या संध्याकाळच्या बाकावर बसणाऱ्या आमच्या पिढीकडे गुडघ्यांचे प्रश्न पुष्कळ आहेत. मांडी घालून जेवायला बसणे, भारतीय पद्धतीचा संडास, देवळाच्या पायऱ्या. परदेशी प्रश्नावलीत यातले सगळे सापडणार नाही. ते आपल्यालाच विचारावे लागेल.

पण सुरुवात घरापासून करावी. आज रविवार आहे, सगळे घरी असतील. घरातल्या वडीलधाऱ्यांची प्रकृती ठणठणीत असतानाच त्यांना एकदा विचारून ठेवा. उद्या आजारी पडलात तर तुम्हाला सगळे सांगायचे की थोडे? तुमच्या वतीने बोलायचे झाले तर कोणी बोलायचे? काय झाले तरी चालेल आणि काय झालेले मुळीच चालणार नाही? पहिल्यांदा ते 'काय अभद्र बोलता' म्हणतील. थोडे थांबा. दुसऱ्या चहाला बहुतेक बोलायला लागतील.